जुना कोड, नवी लायब्ररी: बिल्ड फुटल्यावर अपस्ट्रीमकडे जाण्याआधी आणि गेल्यावर

२०१८ च्या जुलैत, पालख्या पुण्यात मुक्कामाला असताना, आम्ही हिंजवडीतला बिल्ड सर्व्हर, म्हणजे सोर्स कोडमधून प्रोग्रॅम बांधणारं मशीन, उबुंटू १६.०४ वरून १८.०४ वर नेला. रस्ते बंद, निम्मी टीम घरून काम करणारी, सर्व्हरवर ताण नाही. याहून चांगला दिवस मिळाला नसता. दुपारी चारला गाडीच्या डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरचा बिल्ड लावला, तर तो आमच्या कोडपर्यंत पोचलाच नाही. चिप बनवणाऱ्यांकडून आलेल्या एसडीकेत, म्हणजे साधनसंचात, जीएनयू मेक ४.२.१ हे बिल्ड चालवणारं साधन सोर्समधून बांधलं जायचं. तिथेच बांधलेले तुकडे जोडणारा लिंकर अडला होता: फाइलनावं जुळवणाऱ्या 'ग्लोब डॉट सी' या फाइलमध्ये '__अलोका' या फंक्शनचा पत्ता लागत नाही.

दोन दिवस आम्ही कंपायलरलाच दोष देत बसलो. वड्याचं तेल वांग्यावर. तिसऱ्या दिवशी टीममधल्या सगळ्यांत नव्या मुलीने जुन्या आणि नव्या सर्व्हरवरचे 'कॉन्फिग लॉग' शेजारी शेजारी उघडले आणि म्हणाली, "सर, कंपायलरने काही केलेलं नाही. जुन्या मशीनवर मेक सिस्टीमचं ग्लोब वापरत होतं. नव्यावर ते स्वतःजवळचं ग्लोब बांधायला घेतंय. ते का, एवढंच शोधायचंय."

शोधल्यावर जे निघालं ते असं. फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२७ ने, म्हणजे लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीच्या नव्या आवृत्तीने, ग्लोब या फंक्शनचं वागणं बदललं. ज्या सिमलिंकची, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीची, मूळ फाइलच गायब आहे, अशा सिमलिंकही आता ते मोजणार होतं. बदल झाला म्हणून इंटरफेसचा क्रमांक १ वरून २ केला. मेक ४.२.१ च्या कॉन्फिगर स्क्रिप्टला, म्हणजे बांधण्याआधी सिस्टीम तपासणाऱ्या स्क्रिप्टला, फक्त १ माहीत. २ दिसताच 'हे माझ्या ओळखीचं ग्लोब नव्हे' असं ठरवून ती मेकसोबत आलेल्या जुन्या प्रतीकडे वळली. त्या प्रतीत गृहीत धरलेलं होतं की मशीनवर जीलिबसी असली की '__अलोका' आपोआप मिळेल. तो मिळाला नाही.

आता सांगा, चूक कोणाची? जीलिबसीवाल्यांनी क्रमांक वाढवून रीतसर सूचना दिली होती. जुन्या बायनरींसाठी ग्लोबचं जुनं रूपही वेगळ्या सिम्बॉल आवृत्तीखाली, म्हणजे फंक्शनच्या नावाला जोडलेल्या आवृत्तीच्या खुणेखाली, जपून ठेवलं होतं, त्यामुळे आधी बांधलेलं मेक नव्या सिस्टीमवर बिनबोभाट चालत होतं. मेकवाल्यांनी २०१६ मध्ये ४.२.१ काढलं तेव्हा २ हा क्रमांक अस्तित्वातच नव्हता. दुरुस्ती असलेलं मेक ४.३ अधिकृतपणे आलं जानेवारी २०२० मध्ये. मधली जवळजवळ दोन वर्षं ज्याला ज्याला जुनं मेक सोर्समधून बांधायचं होतं, त्याने आपापला दुरुस्तीचा पॅच बाळगला.

तेव्हापासून बिल्ड सांभाळणं हेच माझं काम आहे, आणि अपस्ट्रीमशी, म्हणजे मूळ लायब्ररी लिहिणाऱ्या प्रकल्पाशी, होणारे असे तंटे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत. या तंट्यांत ज्याचा आवाज मोठा त्याचं चालत नाही. कोणतं वचन मोडलं हे ज्याला नेमकं सांगता येतं, त्याचं ऐकलं जातं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी बिल्ड उभा करा

लायब्ररीची जुनी आवृत्ती पिन करा, म्हणजे तीच वापरली जाईल असं पक्कं करा, जुनी कंटेनर इमेज, म्हणजे बिल्डचं गोठवून ठेवलेलं वातावरण, परत लावा, लोकांचं काम सुरू होऊ द्या. यात कमीपणा काही नाही. फक्त दोन गोष्टी त्याच वेळी करा, कारण नंतर त्या होत नाहीत. एक, फुटलेल्या बिल्डचा पूर्ण लॉग आणि त्या मशीनवरच्या सगळ्या पॅकेजांची यादी जपून ठेवा. दुसरं, पिन जिथे लिहिली तिथेच वरच्या ओळीत ती कशासाठी आणि कधीपर्यंत, हे लिहा. कारण न लिहिलेली पिन काढायची हिंमत पुढे कोणी करत नाही. तीन वर्षांनी सगळं घर त्या एका खुंटीला टांगलेलं असतं.

मग पहिली चूक गाठा. समांतर बिल्डमध्ये लॉगची शेवटची ओळ बहुतेक वेळा दिशाभूल करते, खरी चूक शेकडो ओळी वर असते. एकाच जॉबवर बिल्ड पुन्हा चालवा, म्हणजे क्रम सरळ होतो. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला: जुनी इमेज आणि नवी लायब्ररी, मग नवी इमेज आणि जुना कंपायलर. सर्व्हर अपग्रेड करताना आपण दोनशे गोष्टी एकदम बदलतो आणि संशय मात्र एकीवरच घेतो. लायब्ररीचा सोर्स गिटमध्ये असेल तर कोणत्या बदलापासून फुटलं ते शोधणारं 'गिट बायसेक्ट' रात्रभर चालू ठेवा. 'अमुक आवृत्तीपासून फुटतंय' आणि 'अमुक कमिटपासून फुटतंय' या दोन वाक्यांना मेंटेनरकडून, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याकडून, मिळणारी उत्तरं फार वेगळी असतात.

कोणतं वचन मोडलं?

'बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी मोडली' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात निदान तीन वेगळी वचनं एकत्र कोंबलेली असतात.

पहिलं वचन आधी बांधलेल्या बायनरीचं: काल बांधलेला प्रोग्रॅम उद्याच्या लायब्ररीवर तसाच चालेल. जीलिबसी हे वचन फार मनापासून पाळते, आणि त्यासाठीच तिच्याकडे सिम्बॉलच्या आवृत्त्या आहेत. २०१० मधला मेमसीपीवायचा, म्हणजे मेमरीतला मजकूर कॉपी करणाऱ्या फंक्शनचा, वाद आठवा. नव्या प्रोसेसरवर वेग मिळावा म्हणून मेमसीपीवाय उलट्या दिशेने कॉपी करू लागलं आणि फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरू लागला. एकमेकांवर चढलेल्या जागांसाठी मेमसीपीवाय वापरू नये, तिथे मेममूव्ह वापरावं, असं सी भाषेचं प्रमाणपुस्तक आधीपासून सांगत होतं. म्हणजे चूक फ्लॅशची. पण ऐकणाऱ्याला पुस्तकाशी काय देणंघेणं, त्याचं गाणं बिघडलं होतं. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्या वादात उतरले होते. शेवटी नवं मेमसीपीवाय 'जीलिबसी २.१४' या सिम्बॉल आवृत्तीखाली गेलं आणि जुन्या बायनरींना जुनं वागणं मिळत राहिलं. तुमची तक्रार या जातीची असेल तर तुमची बाजू भक्कम आहे, नि:शंक मांडा.

याच्या उलट दिशेचं वचन मात्र कोणी दिलेलं नाही. उबुंटू २२.०४ वर बांधलेली बायनरी ग्राहकाच्या सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर नेली आणि 'जीलिबसी २.३४ सापडत नाही' असं आलं, तर ती लायब्ररीची चूक नव्हे. सेंटओएस ७ वर २.१७ आहे. ज्या सर्वांत जुन्या सिस्टीमवर चालवायचं, तिथेच बांधायचं. 'ऑब्जडम्प' ने बायनरीतले डायनॅमिक सिम्बॉल काढून सर्वांत वरची आवृत्ती कोणती मागितली जाते हे बघायला मिनिटही लागत नाही. ही तपासणी रिलीजच्या पायरीतच घाला.

दुसरं वचन सोर्सचं: जुना कोड नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधला जाईल. इथे वचन सौम्य असतं. एम४ चं उदाहरण बघा. एम४ म्हणजे कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारं ऑटोकॉन्फ ज्यावर उभं आहे ते साधन, ते अडलं की पुढची रांगच अडते. १.४.१८ ही आवृत्ती २०१६ च्या अखेरीची. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ ने फाइल वाचण्या-लिहिण्याच्या आतल्या काही खाणाखुणा हेडरमधून काढल्या आणि एम४ मध्ये असलेल्या नुलिबच्या, म्हणजे जीएनयू प्रकल्प उचलून वापरतात त्या सामायिक संचाच्या, कोडने 'कृपया ही फाइल तुमच्या प्लॅटफॉर्मवर पोर्ट करा' असं म्हणत बिल्ड थांबवला. त्या खाणाखुणा खासगी होत्या, नुलिबने त्या गरजेपोटी वापरल्या होत्या. मग ऑगस्ट २०२१ मध्ये जीलिबसी २.३४ ने 'सिगस्टॅकएसझेड' हा सिग्नलसाठी लागणाऱ्या स्टॅकचा आकडा स्थिर ठेवला नाही, आणि त्याच १.४.१८ मधली एक साधी 'हॅश-एलिफ' ही अटीची ओळ कोलमडली. हा बदल कोणाच्या लहरीने झालेला नाही. प्रोसेसरमधल्या एव्हीएक्स-५१२ सारख्या मोठ्या रजिस्टरांमुळे सिग्नल आला की स्टॅकवर ठेवायचा ऐवज वाढला, ठरीव ८१९२ बाइट पुरेनात. कारण कळलं की भांडणाचा सूर आपोआप खाली येतो, म्हणून तक्रार लिहिण्याआधी त्या आवृत्तीतल्या बदलांचं 'न्यूज' पान वाचाच. निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं.

तिसरं म्हणजे बिल्डच्या साधनांनी बांधलेले अंदाज, आणि याचं वचन कोणीच दिलेलं नसतं. आमच्या मेकची कथा या जातीची होती. कॉन्फिगर स्क्रिप्ट छोटे प्रोग्रॅम बांधून बघते, आवृत्तीचे आकडे ताडते, कंपायलरच्या उत्तराचे शब्द वाचते. मेंटेनरच्या दृष्टीने तो इंटरफेसच नाही. आपल्या दृष्टीने मात्र आपला उद्याचा रिलीज त्याच्यावर टांगलेला असतो. दोघांचंही खरं असतं, म्हणून हे तंटे सर्वांत चिवट.

जो बिल्ड फुटत नाही, त्याची जास्त काळजी

मे २०२४ मध्ये जीसीसी १४ हा कंपायलर आला. जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं, प्रकार न लिहिता 'मेन' लिहिणं, हे सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणाने काढून टाकलेलं होतं, पण जीसीसी पंचवीस वर्षं नुसती ताकीद देऊन चालवून घेत होता. आता त्या ताकिदींच्या चुका झाल्या. तुमच्या कोडमध्ये असं काही असेल तर बिल्ड फुटेल, तुम्ही दुरुस्त कराल, विषय संपेल.

भीती वेगळीच आहे. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टमधले चाचणी प्रोग्रॅम अशाच ढिल्या सीमध्ये लिहिलेले आहेत. ते आता बांधलेच जात नाहीत, आणि चाचणी प्रोग्रॅम बांधला गेला नाही याचा अर्थ स्क्रिप्ट 'ही सोय या सिस्टीमवर नाही' असा घेते. बिल्ड हिरवा. बायनरी तयार. आणि त्यातून एखादी सोय कोणालाही न सांगता गळालेली. आमच्याकडे एका जुन्या नेटवर्क डेमनचा आयपीव्ही६ आधार असाच गेला आणि आम्हाला तो चाचणीच्या बाकावर, प्रत्यक्ष यंत्र जोडल्यावर कळला.

उपाय कष्टाचा नाही. स्क्रिप्टच्या चाचण्यांची उत्तरं 'कॉन्फिग डॉट एच' या फाइलमध्ये असतात. जुन्या बिल्डमधली ती जपून ठेवा, नव्या बिल्डमधली शेजारी ठेवा, फरक दाखवणारं 'डिफ' चालवा. जी ओळ 'आहे' वरून 'नाही' वर गेली, तिच्यासाठी कॉन्फिग लॉग उघडून तो छोटा प्रोग्रॅम नेमका का बांधला गेला नाही ते वाचा. कंपायलर, लायब्ररी किंवा ऑटोकॉन्फ यांपैकी काहीही बदललं तरी मी आता हे डिफ आधी बघतो, बिल्डचा रंग नंतर.

पायथॉनवाल्यांसाठी थोडं

खराडी-बाणेरकडच्या वेब टीम मला विचारतात, 'आमच्या सगळ्या पॅकेजांच्या आवृत्त्या पक्क्या आहेत, तरी सकाळी बिल्ड कसा फुटला?' कारण तुम्ही पक्क्या केल्यात त्या चालवायच्या आवृत्त्या. एखादं पॅकेज सोर्समधून बांधायची वेळ आली की पिप, म्हणजे पायथॉनची पॅकेजं बसवणारं साधन, त्यासाठी वेगळं, रिकामं वातावरण उभं करतं आणि त्यात बिल्डची साधनं नव्याने ओढतं. तिथे तुमची यादी लागू होत नाही. जुलै २०२३ मध्ये सायथॉन ३.० हे बिल्डचं साधन आलं आणि पायवायएमएल या पॅकेजच्या ५.४.१ वर अडकलेले लोक असेच पडले. पायथॉन ३.१० पासून पुढे त्या आवृत्तीचं तयार व्हील, म्हणजे आधीच बांधलेलं पॅकेज, नव्हतं, सोर्समधून बांधताना नवं सायथॉन येत होतं, आणि ते जुन्या सेटअप फाइलला मानवत नव्हतं.

त्यामुळे बिल्डच्या साधनांसाठी वेगळी कन्स्ट्रेंट फाइल ठेवा. नव्या पिपमध्ये त्यासाठी स्वतंत्र बिल्ड-कन्स्ट्रेंट पर्याय आहे, यूव्ही या त्याच कामाच्या साधनातही आहे. त्याहून चांगलं म्हणजे सगळी व्हील एकदा स्वतः बांधून घरच्या भांडारात ठेवा आणि उत्पादनाच्या बिल्डला सोर्समधून काही बांधूच देऊ नका.

यातला एक प्रसंग मला फार शिकवून गेला. मार्च २०२५ मध्ये सेटअपटूल्स ७८ या पॅकेज बांधणाऱ्या साधनाने 'सेटअप डॉट सीएफजी' मधली आडव्या रेघेची नावं, म्हणजे 'डिस्क्रिप्शन-फाइल' सारखी, नाकारायला सुरुवात केली. जुनी, कोणी हात न लावलेली पॅकेजं एकदम बांधली जाईनात. मेंटेनरचं म्हणणं: ताकीद २०२१ पासून देतोय. वापरणाऱ्यांचं म्हणणं: आम्हाला ती कधी दिसलीच नाही. आणि दोन्ही खरं होतं, कारण बिल्ड यशस्वी झाला की पिप आतला सगळा मजकूर गिळतं. खास बोलकं करून चालवल्याशिवाय ती ताकीद कोणाच्या डोळ्यांसमोर येतच नाही. लगेचच्या आवृत्तीत तो बदल पुढे ढकलला गेला. म्हणून महिन्यातून एकदा तरी बिल्ड बोलका करून चालवा आणि 'डेप्रिकेटेड' हा शब्द लॉगमध्ये शोधा. मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी हे करतो.

तक्रार लिहिताना

अपस्ट्रीमला इंग्रजीतच लिहावं लागतं, पण मांडणी आधी मराठीत मनाशी पक्की करा. मला त्याचा फायदा होतो.

पहिल्याच ओळीत वचन: 'आधी बांधलेली बायनरी नव्या आवृत्तीवर कोसळते' किंवा 'जुना सोर्स नव्या हेडरवर बांधला जात नाही'. दुसऱ्या ओळीत शेवटची चालणारी आणि पहिली न चालणारी आवृत्ती, जमल्यास कमिट. मग वीस ओळींच्या आतलं उदाहरण, जे मेंटेनरला आपल्या मशीनवर दोन मिनिटांत चालवता येईल. आमच्या संपूर्ण एसडीकेचा टारबॉल कोणी उघडून बघणार नाही, आणि कायद्याने तो आपल्याला बाहेर देताही येत नाही. उदाहरण लहान करत नेताना अनेकदा लक्षात येतं की चूक आपलीच होती. तो वेळ वाया गेला असं समजू नका.

मागणी काय करायची, हे नीट ठरवा. 'बदल मागे घ्या' ही मागणी सहसा नाकारली जाते आणि ती नाकारली की बोलणं संपतं. पळवाट मागा, मुदत मागा. सीमेक ४.० या बिल्डच्या साधनाने मार्च २०२५ मध्ये ३.५ हून जुनी किमान आवृत्ती सांगणाऱ्या प्रकल्पांना नाकारलं, पण 'सीमेक पॉलिसी व्हर्जन मिनिमम' हे चल ३.५ वर ठेवलं की जुना प्रकल्प कॉन्फिगर करून बघता येतो. जीसीसी १४ मध्ये '-एफपरमिसिव्ह' दिलं की त्या नव्या चुका पुन्हा ताकिदी होतात. अशी सोय मेंटेनरला स्वस्त पडते, आपल्याला श्वास घ्यायला जागा मिळते. तिची अंतिम तारीख मात्र आपल्याही कॅलेंडरवर लिहा.

काही गोष्टी लिहू नयेत. आपली कंपनी किती मोठी, रिलीज परवा आहे, किती गाड्या अडल्यात, हे लिहिलं की समोरच्याला ते दडपण वाटतं. यातले कित्येक मेंटेनर नोकरी सांभाळून, रात्री, फुकट हे काम करतात. 'लिनक्स कर्नल युजरस्पेस मोडत नाही, मग तुम्ही का मोडता' हेही टाळा. कर्नलने ते वचन दिलेलं आहे, या लायब्ररीने दिलं आहे का ते आधी बघा. आणि दुरुस्तीचा पॅच सोबत देता आला तर द्या, चाचणीसकट. नुसत्या तक्रारीपेक्षा चाचणी जास्त टिकते: ती एकदा त्यांच्या संचात गेली की तुमची बाजू त्यांचं सीआय, म्हणजे आपोआप चालणारी तपासणी, रोज मांडतं.

डिस्ट्रिब्यूशनवाल्यांना विसरू नका. डेबियन, फेडोरा, आर्च यांच्या लोकांनी तुमच्या आधी तोच दगड ओलांडलेला असतो आणि त्यांचे पॅच उघड्यावर असतात. आमच्या मेकचा पॅच आम्ही लिहिला नाही, तयार होता तो घेतला. प्लग म्हणजे पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या लोकांना विचारल्यानेही माझे काही आठवडे वाचले आहेत.

पॅच बाळगायची वेळ आली तर

प्रत्येक पॅचच्या डोक्यावर चार ओळी: कुठून घेतला, कशासाठी, अपस्ट्रीममध्ये कोणत्या कमिटने गेला, आणि कोणती आवृत्ती आली की काढायचा. योक्टो या एम्बेडेड लिनक्स बांधायच्या साधनसंचात 'अपस्ट्रीम-स्टेटस' ही ओळ याचसाठी आहे. योक्टो वापरत नसलात तरी ती पद्धत उचला.

लायब्ररी तुमचीच असेल तर

पुण्यात हे फार घडतं: हिंजवडीतली प्लॅटफॉर्म टीम लायब्ररी लिहिते, खराडीतली ॲप टीम ती वापरते, आणि वर सांगितलेला सगळा तंटा एकाच कंपनीत होतो. तेव्हा आपण मेंटेनरच्या खुर्चीत असतो.

रिलीजच्या आधी 'एबीआयडिफ' ने जुनी आणि नवी लायब्ररी ताडा. स्ट्रक्टमध्ये मधेच घातलेलं एक फील्ड माणसाच्या नजरेतून सुटतं, याच्या सुटत नाही. बायनरी जुळत नसेल तर सोनेम, म्हणजे लायब्ररीच्या नावातला आवृत्तीक्रमांक, वाढवा, लपवू नका. रस्टवाले कंपायलरचा मोठा बदल करताना 'क्रेटर' नावाच्या यंत्रणेने जगभरची प्रकाशित क्रेट, म्हणजे रस्टची पॅकेजं, बांधून बघतात. आपल्याला कंपनीतल्या तीस-चाळीस रेपो बांधून बघणं एका रात्रीत जमतं. तरीही सगळं टळतंच असं नाही. रस्ट १.८० मध्ये, जुलै २०२४ ला, टाइम या लोकप्रिय क्रेटच्या जुन्या आवृत्त्या बांधल्या जाईनाशा झाल्या, आणि हे क्रेटरच्या फेरीत आधी दिसलेलं होतं. फुटणार हे माहीत असेल, तर ते फुटण्याआधी वापरणाऱ्यांच्या हातात दुरुस्ती द्या.

ताकीद दिसेल अशी द्या. सेटअपटूल्सचा प्रसंग लक्षात ठेवून आम्ही आता ताकीद तीन टप्प्यांत देतो: आधी लॉगमध्ये, मग एका रिलीजनंतर रात्रीच्या बिल्डमध्ये चूक म्हणून आणि दिवसाच्या बिल्डमध्ये ताकीद म्हणून, त्यानंतरच खरी चूक. रात्रीचा बिल्ड लाल झाला की खराडीहून सकाळी फोन येतो. "दादा, काल काही बदललंत का?" तेव्हा हातात बदलाचं कारण, जुन्या-नव्या कोडचं दोन ओळींचं उदाहरण आणि तारीख तयार असते, आणि त्यांच्या रेपोत आमच्याकडून पाठवलेली दुरुस्ती आधीच रिव्ह्यूसाठी पडलेली असते.